वारशाचा गोळा, बेवारशी चाक

सातपुड्याचा घाट उतरून नागपूरच्या मैदानाकडे येताना जो मुलूख लागतो, त्यात पांढुर्णा आणि सौंसर ही दोन गावे आहेत. राज्य मध्य प्रदेशाचे, बोली मराठी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा भाग छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला, आणि २०२३ साली ह्याच दोन तहसिलींचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्ण्यावरून नागपूर–इटारसी लोहमार्ग जातो. सौंसरवरून नागपूर–छिंदवाडा मार्ग जातो, जो पुष्कळ वर्षे अरुंद मापाचा होता. भाषा एकीकडची आणि राज्य दुसरीकडचे, ही स्थिती गोमंतकातील वाचकांना नव्याने समजावून सांगावयास नको. इतिहासातील थोर पुरुष अशा सीमेवरच्या गावी क्वचितच मुक्काम करतात. पण फिरस्ते मात्र तेथूनच जातात. आठवडी बाजारात आणि जामसावळीच्या यात्रेत ढोलकी वाजवीत येणारे डोंबारी-कोल्हाटी, गावच्या चौकात आठ-आठ दिवस सायकलीवरून खाली न उतरणारे खेळाडू, आणि तंबू-कनाती घेऊन येणारी सर्कस, ह्या तिघांच्याही वाटा अशाच गावांतून गेल्या. थोरांच्या इतिहासाची साधने दप्तरांत असतात; ह्या फिरस्त्यांच्या इतिहासाची साधने त्यांच्या हातापायांत असतात, आणि म्हणूनच माणसाबरोबर ती नाहीशी होतात.

प्रस्तुत लेखात ह्या इतिहासातील दोनच कसबांचा विचार करावयाचा आहे. एक, तीन किंवा अधिक गोळे हवेत खेळते ठेवण्याचे. मराठीत ह्या कसबास रुळलेला असा स्वतंत्र शब्द नाही. 'हातचलाखी' म्हणावे तर तीत नजर चुकविणे येते, आणि येथे तर सारा खेळ नजरेसमोर चालतो. सर्कशीच्या तंबूत ह्याला 'जगलिंग' म्हणतात. दुसरे कसब, एकाच चाकाच्या सायकलीवर बसून तोल न जाऊ देता फिरण्याचे. प्रेक्षकाला दोन्ही एकाच जातीची वाटतात, कारण दोन्हींत तोल आहे आणि दोन्हींत सराव आहे. परंतु ती शिकण्याची रीत पाहिली तर त्यांत मोठे अंतर आढळते. ते अंतर ध्यानात घेतल्यावाचून एका प्रश्नाचा निकाल लागत नाही: ही कसबे आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या लहान मुलांच्याच माथी का मारली गेली, आणि तसे करणे खरोखर अवश्य होते काय? २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न कायद्याच्या बाजूने सोडविला. इतिहासाच्या बाजूने त्याचा विचार व्हावयाचा राहिला आहे.

गोळे झेलण्याचे कसब अतिशय प्राचीन आहे. ईजिप्त देशात बेनी हसन येथील एका थडग्याच्या भिंतीवर चेंडू उडवून झेलणाऱ्या स्त्रियांचे चित्र आहे; ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे समजतात. आपल्या देशातील ह्या कसबाची विलायतेस पक्की ओळख झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. दक्षिण हिंदुस्थानातील रामो सामी हा खेळाडू त्या सुमारास लंडनला गेला, पितळी गोळ्यांच्या खेळावर त्याने नाव मिळविले आणि १८५० साली तो तिकडेच वारला. हॅझलिट ह्या इंग्रज निबंधकाराने १८२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, चार पितळी गोळे एकाच वेळी खेळते ठेवणाऱ्या भारतीय खेळाडूची आपल्या लेखनव्यवसायाशी तुलना केली आहे. ह्या तुलनेतला मुद्दा कोणासही पटण्याजोगा आहे. लेखकाच्या चुकीवर पांघरूण घालता येते, वकिलाच्या तर त्याहून सहज. गोळेवाल्याची चूक मात्र सर्वांदेखत जमिनीवर पडते आणि तिचा आवाजही होतो.

इकडे आपल्या मुलखात हे कसब व्यक्तीचे नव्हते, जातीचे होते. रसेल आणि हिरालाल ह्यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींचा जो चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, त्यात कोल्हाट्यांना दांडेवाला आणि बांसबेरिया अशीही नावे दिली आहेत. दांडा आणि बांबू ही खेळाची हत्यारे. त्यांचीच नावे जातीची नावे झाली. ज्या कसबाचे नाव जातीला चिकटते ते कसब शिकावयाचे किंवा नाही, हा प्रश्न त्या जातीत जन्मलेल्या मुलापुढे कधी उभाच राहत नाही. सोनाराचा मुलगा जसा फुंकणीपाशी बसतो, तसा डोंबाऱ्याचा मुलगा दोरापाशी आणि गोळ्यांपाशी बसला. शिकवणारा बाप किंवा आजा, शाळा म्हणजे पालापुढची मोकळी जागा, आणि परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या बाजारात.

गोळ्यांचे कसब अशा घरगुती शाळेस मोठे सोयीचे आहे, कारण ते हप्त्याहप्त्याने येते. प्रथम एकच गोळा. तो उजव्या हातातून डाव्या हातात आणि डाव्यातून उजव्यात, दर वेळी डोळ्यांच्या किंचित वर एकाच उंचीपर्यंत गेला पाहिजे. मग दोन गोळे: पहिला आपल्या उंचीच्या टोकाला पोचला की दुसरा सोडावयाचा. नवशिका येथे हटकून एक चूक करतो. दुसरा गोळा वर न फेकता तो नुसता ह्या हातातून त्या हातात सरकवतो. ती सवय मोडली की तिसरा गोळा घ्यावयाचा. ह्या साऱ्यात झेलण्यापेक्षा फेकण्याकडे लक्ष द्यावे लागते. फेक नीट गेली तर गोळा आपण होऊन हातात येतो. नजर हातांकडे ठेवावयाची नसते, गोळे जेथे वळतात त्या जागेकडे ठेवावयाची असते. तीन आणि पाच गोळे हात बदलीत एकमेकांना ओलांडून जातात. चार गोळे बहुधा प्रत्येक हाती दोन-दोन असे वेगळेच खेळतात, पाहणाऱ्याला मात्र चारही एकत्र गुंफल्यासारखे दिसतात.

ह्यामागे साधे गणित आहे. एक मीटर उंच उडविलेला गोळा हातात परत येईपर्यंत सेकंदाचा सुमारे नऊ-दशांश भाग हवेत असतो. हा वेळ दुप्पट हवा असेल तर उंची चौपट करावी लागते, आणि उंची वाढली की फेकीतली लहानशी चूकही मोठी होते. म्हणून गोळ्यांची संख्या एकाने वाढविणे म्हणजे कष्ट एकाने वाढविणे नव्हे. तरीही प्रत्येक पायरीला शिकणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडलेले असते. दोन गोळे येणारा मुलगा तीन येणाऱ्यापेक्षा कमी, पण काहीच न येणाऱ्यापेक्षा अधिक असतो. आणि चूक झाली तर पडतो तो गोळा. मुलगा आपल्या पायांवर उभाच असतो.

चाकाची हकीकत सर्वस्वी वेगळी. त्याला इतिहास असा दीडशे वर्षांचाच. १८७० नंतर विलायतेत पुढे प्रचंड चाक आणि मागे चिमुकले चाक अशी उंच सायकल निघाली. तिच्यावर बसणाऱ्याचा भार जवळजवळ सगळा पुढच्या चाकावर असे आणि जरा पुढे झुकले की मागचे चाक जमिनीवरून उठे. ह्याच अनुभवातून काही धीट खेळाडूंनी मागचे चाक काढूनच टाकले, अशी एकचाकीच्या जन्माची सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी कथा आहे. आपल्याकडील सर्कशीचा जन्मही त्याच सुमाराचा. कुरुंदवाड संस्थानचा आश्रय लाभलेले विष्णुपंत छत्रे ह्यांनी मुंबईत आलेल्या परदेशी सर्कशीचा खेळ पाहून १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस' उभारली. ही पहिली भारतीय सर्कस एका मराठी माणसाने काढली हे सर्वांना ठाऊक आहे; परंतु विष्णुपंत घोडा फिरविण्याची विद्या कोठे शिकले ह्याकडे आपले लक्ष कमी जाते. ती ते ग्वाल्हेरीस बाबासाहेब आपटे ह्यांच्यापाशी शिकले, आणि तेथेच हद्दूखाँ ह्यांच्याकडे गाणेही शिकले. दोन्ही विद्या त्यांनी तारुण्यात, गुरू शोधून, सेवा करून मिळविल्या. जातीने त्यांच्या पदरात घातल्या नव्हत्या.

तंबूचा इतिहास येथेच पालाच्या इतिहासापासून वेगळा होतो. छत्र्यांची सर्कस १८८७-८८ च्या सुमारास मलबारात तलश्शेरी येथे गेली असता तेथील व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हिकण्णन ह्यांची व त्यांची गाठ पडली. पुढे १९०१ साली कुन्हिकण्णन ह्यांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा येथे सर्कशीचे शिक्षण देणारी शाळा काढली. केरळातील पुष्कळ खेळाडू आणि सर्कशी ह्या परंपरेतून निघाल्या. म्हणजे तंबूने एक नवी गोष्ट केली: कसब जातीकडून घेऊन शाळेकडे दिले. सायकल गावोगाव पोचल्यावर तंबूत आलेले एकचाकी चाक ह्या नव्या व्यवस्थेचेच अपत्य होते. गोळ्यांवर जसा एखाद्या जातीचा वारसा सांगता येई, तसा चाकावर कोणालाच सांगता येत नव्हता. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर गोळा वडिलोपार्जित आणि चाक बेवारशी. जो चढेल त्याचे ते.

पण चढणे हीच अडचण. एकचाकीला हँडल नाही, ब्रेक नाही, साखळी नाही. पॅडल थेट चाकाच्या आसाला जोडलेले असतात. पाय थांबले की चाक थांबते, पाय मागे फिरले की चाक मागे जाते. वीस इंची चाक पॅडलच्या एका फेऱ्यात सुमारे १·६ मीटर जाते, म्हणजे पायाची जराशी कुचराई लागलीच तोलावर दिसते. तोल सांभाळण्याचे तत्त्व मात्र आपल्याकडील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तळहातावर लाठी उभी धरावयाची असेल तर ती ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हात न्यावा लागतो. एकचाकीवर बसणारा स्वतःच ती लाठी असतो आणि चाक हा त्याचा तळहात. पुढे कलला की त्याने मागे रेलावयाचे नसते, पाय जोरात मारून चाक पुढे, आपल्याखाली आणावयाचे असते. कडेला कलला तर कमरेतून वळून चाक त्याच कडेस न्यावयाचे. भार पॅडलवर नको, सीटवर हवा. नजर चाकाकडे नको, दूर समोर हवी.

हे सर्व सांगावयास पाच मिनिटे लागतात, आणि शिकणाऱ्याला त्याचा पहिल्या दिवशी काडीचाही उपयोग होत नाही. कारण हे कसब हप्त्याने देता येत नाही. अर्धी एकचाकी म्हणून काही चीज नाही. भिंत धरून, बांबू धरून, दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून किती दिवस काढले तरी ते चाक चालविणे नव्हे. आधार सुटला की मनुष्य दोन हातांत खाली उतरतो. दिवसामागून दिवस हाच प्रकार चालतो, आणि मग एखाद्या सकाळी, आदल्या दिवसापेक्षा निराळे काहीही केले नसता, चाक दहा-बारा फेरे जाते. मधल्या दिवसांत शरीर काय शिकत होते ते शिकणाऱ्याला कळत नाही, शिकवणाऱ्यालाही दाखविता येत नाही. मिळकतीच्या वाटणीत काही मालमत्ता तुकड्यांनी देता येते आणि काही, एखाद्या विहिरीसारखी, अविभाज्य असते. गोळ्यांची विद्या पहिल्या जातीची, चाकाची दुसऱ्या.

येथे एक शंका येईल की, गोळ्यांचीही प्रगती अगदी सरळ चढत्या रेषेने होते काय? तशी ती होत नाही. एडगर जेम्स स्विफ्ट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०३ साली हाच विषय घेतला होता. एका हाताने दोन चेंडू खेळते ठेवण्याचे कसब प्रौढ माणसांनी रोज करावयाचे आणि किती झेल साधले त्याची नोंद ठेवावयाची. प्रगती उड्यांनी होते आणि मध्ये काही काळ ती थांबल्यासारखी दिसते, असे त्याला आढळले. म्हणजे दोन्ही कसबांत पठारे आहेत. फरक एवढाच की गोळेवाला पठारावर बसला असतानाही त्याच्या हातात मोजण्यासारखे काही असते: काल वीस झेल, आज अठरा. चाकवाल्याच्या पठारावर मोजावयास काहीच नसते. म्हणून गोळे शिकताना चिकाटी लागते, आणि चाक शिकताना चिकाटीबरोबर विश्वासही लागतो. आधी गुरूवर आणि मग स्वतःवर.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ह्या दोन्ही विद्यांत लहान मुलेच का? तंबूतले आणि पालातले जुने उत्तर एकच होते: हाडे कोवळी असतानाच हे साधते, मोठेपणी साधत नाही. पुण्याचे दामू धोत्रे १९०२ साली जन्मले, कोवळ्या वयातच मामाच्या सर्कशीत गेले आणि पुढे वाघ-सिंहांचे शिक्षक म्हणून १९४० साली अमेरिकेतील रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीपर्यंत पोचले. अशी उदाहरणे दाखवून त्या उत्तराला बळकटी आणीत. परंतु यशस्वी झालेल्या एकाकडे पाहून नियम बसविणे हा पुराव्याच्या दृष्टीने कच्चा मार्ग आहे. जे पडले आणि ज्यांची नावे कोणत्याच जाहिरातीवर आली नाहीत, त्यांची साक्ष ह्यात घेतलेली नसते.

शिवाय ज्या मुलांनी ही कसबे शिकली त्यांच्यापुढे दुसरी वाट कोणती होती, हेही विचारले पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्त्या जमातींपैकी अनेकांना जन्मतःच संशयित ठरविले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत ह्या ना त्या रूपाने चालू होता. ज्याच्या बापाला मुक्काम हलविताना हजेरी द्यावी लागते, त्याचा मुलगा शाळेच्या पटावर कसा टिकणार? कायदा रद्द झाल्यानंतरही रस्त्यावरच्या कसबाला मान मिळाला असे नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भिक्षेची व्याख्या करताना गाणे, नाचणे, भविष्य सांगणे ह्यांबरोबर खेळ करून दाखविणेही भीक मागण्याच्या बहाण्यांत घातले. तेच गोळे तिकिटाच्या तंबूत उडाले तर कला, आणि बाजारात चादर अंथरून उडाले तर भिक्षा! महाराष्ट्रात डोंबारी-कोल्हाटी भटक्या जमातींच्या यादीत आहेत, मध्य प्रदेशात नट अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. ह्या याद्या आवश्यक आहेत, त्यांनी काही मुलांना शाळेचे दार उघडले, हे मान्य केले पाहिजे. तथापि यादीत जात लिहिलेली असते. त्या जातीने सांभाळलेले कसब कोणत्याच यादीत लिहिलेले नसते.

तंबूवरही दोन मोठे आघात झाले आणि दोन्ही न्याय्य होते. सर्कशीत अस्वल, माकड, वाघ, बिबळा व सिंह ह्यांचे खेळ करण्यास मनाई करणारी केंद्र सरकारची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कायम केली. वाघ-सिंह गेल्यावर तंबूत मुख्यतः माणसाचे शरीर उरले: झोका, दोर, चाक आणि गोळे. मग १८ एप्रिल २०११ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन' ह्या संस्थेच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने, सर्कशीत मुले कामास ठेवण्यास बंदी करणारी अधिसूचना दोन महिन्यांत काढावी असा आदेश दिला. त्याचा आधार संविधानाच्या अनुच्छेद २१-अ मधील शिक्षणाचा हक्क हा होता. २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तीत चौदा वर्षांखालील मुलांना चित्रपटांत, मालिकांत, क्रीडाप्रकारांत कलावंत म्हणून अटींवर मुभा दिली, पण सर्कस नाव घेऊन वगळली. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत करण्यास मात्र त्याच कायद्याने परवानगी दिली. ह्याचा अर्थ तंबूतले मूल निश्चितपणे सुटले, आणि बाजारातल्या दोरावरचे मूल 'कुटुंबाची मदत' ह्या शब्दांच्या आडोशाला उभे राहिले. पांढुर्णा-सौंसरसारख्या गावांत तंबू वर्षा-दोन वर्षांनी येणार. ढोलकी मात्र वरचेवर वाजते. म्हणून आमच्या दृष्टीने ही दुसरी फट अधिक महत्त्वाची आहे.

सर्कसवाल्यांचे गाऱ्हाणे असे की, मुले नेली म्हणजे कसबच मेले. हे गाऱ्हाणे खरे असेल तर न्यायाची आणि कलेची येथे कायमची फारकत झाली असे म्हणावे लागेल. परंतु पुरावा तसे सांगत नाही. जर्मनीत रेगेन्सबुर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पूर्वी कधीही गोळे न झेललेल्या तरुण माणसांना तीन गोळ्यांचा खेळ शिकविला. तीन महिन्यांत ते तो निदान एक मिनिट चालू ठेवू लागले, आणि हलत्या वस्तू टिपणाऱ्या त्यांच्या मेंदूच्या भागांत वाढ झालेली चित्रांत दिसली. सराव सोडल्यावर ती वाढ ओसरू लागली. २००८ साली हाच प्रयोग साठीच्या आसपासच्या माणसांवर झाला. तरुणांच्या मानाने त्यांच्यापैकी थोड्यांनाच खेळ पूर्ण साधला. पण काहींना साधला, आणि मेंदूतील बदल त्यांच्यातही दिसला. गोळ्यांपुरते तरी 'कोवळी हाडे' हे प्रमेय ह्यापुढे टिकत नाही.

चाकाविषयी एवढा व्यवस्थित प्रयोग पुढे ठेवता येत नाही, तरी एक बोलके उदाहरण आहे. माहितीशास्त्राचा पाया घालणारा गणितज्ञ क्लॉड शॅनन (१९१६–२००१) बेल प्रयोगशाळेत नोकरीस असताना एकचाकीवर बसून तेथल्या लांब व्हरांड्यांतून फिरे, आणि फिरता फिरता गोळेही झेली. हा सर्कशीत वाढलेला मुलगा नव्हता. खुर्चीवर बसून काम करणारा, वयात आलेला विद्वान होता. गोळा हवेत किती वेळ, हातात किती वेळ आणि हात रिकामा किती वेळ, ह्या तिहींचा गोळ्यांच्या व हातांच्या संख्येशी असलेला संबंध त्याने पुढे एका समीकरणात बसविला. चाक आणि गोळे एकत्र करणाऱ्या प्रत्येकाला एक क्रम पाळावा लागतो: चाक आधी अंगवळणी पडले पाहिजे, इतके की त्याकडे लक्ष द्यावयाचे कारण उरू नये, मगच हात गोळ्यांना मोकळे होतात. हा क्रम मुलालाही आहे आणि गणितज्ञालाही.

मग लहानपणाने दिले ते काय? आमच्या मते दोन गोष्टी. पहिली, निर्भयता. गोळ्यांना तिची गरज नाही, चाकाला आहे. मुलाचे वजन कमी, पडणे जवळचे, आणि पडल्याची लाज त्याला ठाऊक नसते. मोठ्या माणसाला चाकावर गुडघ्यापेक्षा लाज अधिक आडवी येते. दुसरी गोष्ट, न मोजलेला वेळ. मुलाचे दिवस फुकट समजले जात. ते पठारावर महिनोन् महिने बसले तरी मालकाला त्याचे वेतन द्यावे लागत नसे. म्हणजे जी गोष्ट शरीरधर्म म्हणून सांगितली गेली ती पुष्कळ अंशी हिशेबाची गोष्ट होती. चाक हप्त्याने येत नाही, तेव्हा ते येईपर्यंतचा खर्च कोणीतरी सोसावयास हवा. तो मुलाने आपल्या शाळेच्या वर्षांतून सोसला. न्यायालयाने २०११ साली जे सांगितले त्याचे सार एवढेच निघते की, हा खर्च ह्यापुढे मुलाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

तो कोणाच्या खात्यावर टाकावयाचा, हे मात्र अजून कोणी ठरविलेले नाही. आमच्या मुलखाच्या शेजारी एक उत्तर शतकापूर्वीच तयार झाले होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार करून दाखविले. मल्लखांबासारखी विद्या तेथे कोणाच्या जातीची राहिली नाही. ती शाळेनंतर शिकावयाची, शिक्षकाला वेतन असलेली विद्या झाली. गोळ्यांना आणि चाकाला असा आश्रय मिळाला नाही, कारण ती भीक मागणाऱ्याची आणि विदूषकाची कसबे समजली गेली.

पांढुर्ण्याचे नाव बाहेर ऐकू येते ते मुख्यतः गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव ही गावे एकमेकांवर दगड फेकतात आणि दर वर्षी माणसे जखमी होतात. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. ह्यावरून लोक रानटी आहेत असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आम्हांला त्यातून निराळाच बोध होतो. कायदा हातातली वस्तू बदलू शकतो. हाताला नवे वळण लावावयाचे तर शिक्षक लागतो आणि त्याला दिवस द्यावे लागतात. मुले तंबूतून बाहेर काढणे हे पहिले काम, आणि ते झाले. ज्यांच्या अंगात हे कसब आहे अशा प्रौढ स्त्री-पुरुषांना भिकाऱ्यांच्या व्याख्येतून काढून शिक्षकांच्या पटावर घेणे हे दुसरे काम, आणि ते कोणी हाती घेतलेले नाही.

ते घेतले गेले तर बाजारातल्या डोंबाऱ्याचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा एकाच पटांगणात, शाळा सुटल्यावर, तीन गोळे घेऊन उभे राहतील. आणि त्या दिवशी गोळाही चाकासारखाच बेवारशी होईल.